चाळिसावं हसू

हशाबाई घरी फारशी हसत नसे. हसणं हा तिचा धंदा होता, आणि सुतार जेवायला घरी येताना रंधा जसा कामावर ठेवून येतो, तसं ती आपलं हसू तिकडेच ठेवून येई. शेजारीण म्हणायची, "काय गं, तिकडे टीव्हीत खिदळतेस आणि आम्हाला बघितलं की कपाळाला आठ्या?" त्यावर ही म्हणे, "तू विनोद चांगला कर, मग बघू."

बसथांब्याच्या पलीकडे पत्र्याचं एक लांबलचक गोदाम होतं. कधी काळी तिथं रंगाचे डबे साठवत. डब्यांच्या बुडांची निळी-पिवळी वर्तुळं अजून जमिनीवर उमटलेली होती. त्या गोदामात दर आठवड्याला एका विनोदी कार्यक्रमाचं चित्रीकरण चाले. सुरुवातीला खरे प्रेक्षक बोलावून पाहिले. पण आत उकाडा, बसायला पाठ नसलेली बाकं, आणि एकच प्रसंग चार-चार वेळा. दुसऱ्या तासाला लोकांच्या तोंडावरचं हसू वाळून जाई. शेवटी मालकाने खास हसायला म्हणून बारा माणसं ठेवली. त्यांत टपाल खात्यातून निवृत्त झालेला एक जाडजूड पोस्टमन होता, त्याचं हसू पोटातून गडगडत वर यायचं. शाळेत गणित शिकवलेल्या बाई होत्या, त्या प्रत्येक विनोदाला एकदाच हसत, पण नेमक्या. आणि पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला शिवणकाम सोडून आलेली हशाबाई. ती हसली की मग बाकीचे हसत.

पहिल्या दिवशी मात्र तिनं घोटाळा केला होता. नट विनोदाच्या शेवटच्या शब्दावर पोहोचायच्या आत, अर्ध्या श्वासाइतकं आधी, ती हसली. नटाचा शब्द घशातच राहिला. तो नुसता उभा, पुढचं सगळं डोक्यातून पुसून गेलेलं. दिग्दर्शक ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "कापलंत, बाई."

कापणं हा त्या बाकांवरचा शब्द. हशा उशिरा आला तर विनोद लंगडतो. आधी आला तर विनोद कापला जातो आणि त्याच्याबरोबर बोलणाऱ्याची जीभही. नवखी माणसं घाबरून हटकून कापतात. हशाबाईनं त्यानंतरच्या नऊ वर्षांत एकदाही कापलं नाही, कारण थांबायचं कसं ते तिला घरीच शिकायला मिळालं होतं.

घर म्हणजे जिन्याच्या वर दोन खोल्या आणि जिन्याच्या खाली भावाचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. ती त्याला दादा म्हणे, गल्ली कुलूपदादा म्हणे. दादा लहानपणापासून बोलताना अडायचा. शब्द अगदी दाराशी येऊन उभा राही आणि दार उघडत नसे. शाळेत मुलं त्याचे शब्द पुरे करून देत, पुढे गिऱ्हाइकं करून देऊ लागली, आणि अडण्यापेक्षा दादाला त्याचाच त्रास जास्त होई. हशाबाईनं जन्मात कधी त्याचा शब्द पुरा केला नाही. दादा अडला की ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघे. हातात किल्ली असे, नाहीतर कानस. शब्द सुटेपर्यंत ती तशीच उभी राही. एकदा शेगडीवरचं दूध उतू जाऊन जाळ विझला, तरी ती जागची हलली नव्हती. शेवटी दादाच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला, तो होता, "द-दूध."

"अडलेल्या कुलपाला," दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "ज-जोर लावायचा नाही. थ-थांबायचं."

म्हणूनच, कार्यक्रमाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी लेखकानं जेव्हा एका तोतऱ्या माणसाचा प्रसंग लिहून आणला, तेव्हा पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला हशाबाईनं आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली. त्या मंडळींत कानाची पाळी धरली की गप्प राहायचं, अशी खूण होती. नट "त-त-त" करत राहिला, डोळे फिरवत राहिला. बारा माणसं ढिम्म. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा बाकं गप्प. मालक आपल्या खोलीतून बाहेर आला.

"काय झालं, बाई?"

"हसू आलं नाही, साहेब."

"तुम्हाला हसायचे पैसे मिळतात. हसू येण्याचे नाही."

"मग पुन्हा घ्या. पुन्हाही येणार नाही."

मालकानं घड्याळ बघितलं आणि तो आत निघून गेला. मग तो प्रसंग काढून टाकला गेला, आणि पुन्हा कुणी तोतरा माणूस त्या गोदामात आणला नाही. त्या बाकांच्या हातात एवढीच काय ती सत्ता होती. हशाबाई त्या संध्याकाळी घरी येऊन काहीच बोलली नाही. पण ही गोष्ट पोस्टमननं किल्ली करून घ्यायला म्हणून जाऊन दादाला सांगितली. किल्ली त्याला नको होती, हे दादालाही कळलं. त्या दिवशी दादानं बहिणीच्या शिलाई मशीनला तेल घातलं आणि पायडल इतकं हलकं करून दिलं की ते बोटानं ढकलावं.

नवव्या वर्षी मालकानं सगळ्यांना एकेक करून आतल्या खोलीत बोलावलं. भिंतींना मऊ काळे स्पंजाचे ठोकळे लावलेले, मधोमध एक माईक. काचेपलीकडे चष्मा लावलेली एक बाई संगणकापुढे बसलेली असे. तिला सगळे मशीनबाई म्हणू लागले. मालक म्हणाला, "तुमची हसू साठवून ठेवतो. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी काही झालं, तर सोय." त्यांनी सह्या केल्या. सोयच तर होती.

मशीनबाईपुढे चाळीस रकान्यांचा तक्ता होता.

"एकेक द्या आणि त्याचं नाव सांगा," ती म्हणाली. "यंत्राला नाव लागतं."

हशाबाई हसली.

"हे कोणतं?"

"खुदकन."

"आणि हे?"

"गालातल्या गालात."

"पण याला आवाज कुठाय?"

"नाहीच. शेजारच्याला मात्र कळतं."

मशीनबाईनं तो रकाना भरला. मग फिस्सकन झालं, खी-खी झालं, तोंडाला पदर लावून दाबलेलं झालं, हसता हसता लागलेला ठसका झाला. सतरावं होतं खळखळून. ते हशाबाईचं मूळचं हसू. सहा वर्षांची असताना ती कपाटात कोंडली गेली होती, आणि बारा वर्षांच्या दादानं केसातल्या आकड्यानं कुलूप उघडून तिला बाहेर काढलं, तेव्हा ती पहिल्यांदा तशी हसली होती. दादाला त्याच दिवशी आपल्या हातांचा गुण कळला. ते हसू तिनं यंत्राला देऊन टाकलं, काही मनात न आणता, चहाला आलेल्याला साखर द्यावी तसं.

एकोणचाळीस झाली.

"शेवटचा रकाना छद्मी हसण्याचा," मशीनबाई म्हणाली.

हशाबाईनं पाण्याचा घोट घेतला. "ते मला येत नाही."

मशीनबाईनं चष्म्यावरून पाहिलं. "येत नाही, की द्यायचं नाही?"

"लिहा, येत नाही."

चाळिसावा रकाना रिकामा राहिला.

तीन महिन्यांनी गोदामाच्या दाराला कागद चिकटवलेला दिसला. 'यापुढे हास्यप्रतिसाद कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे घेतला जाईल.' खाली आभार. वॉचमननं दार उघडलं नाही. गणिताच्या बाईंनी कागद दोनदा वाचला, पर्समधून पेन काढून आभारांतली शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि पेन परत ठेवलं. पोस्टमन म्हणाला, "नऊ वर्षं हसायला लावलं. रडायला एक दिवस तरी द्यायचा."

पुढल्या महिन्यात लेखकाचंही काम गेलं. आता प्रसंगही यंत्रच लिहू लागलं. हशाबाईनं जुनी शिलाई मशीन पुसून घेतली आणि उसवलेल्या बाह्या, आखूड झालेले परकर यांत डोकं घातलं. तोवर तिच्या मनात राग असा नव्हता. कामं जातात. राग आला तो एका गुरुवारी संध्याकाळी, आणि आला तो गेलाच नाही.

दादाच्या दुकानात फळीवर एक छोटा टीव्ही असे. एक गिऱ्हाईक किल्ल्या होईपर्यंत स्टुलावर बसून कार्यक्रम बघत होतं. त्यात नवं पात्र आलं होतं, अडखळे मास्तर. मास्तर वर्गात येतो, "प-प-प" करत टेबल आपटतो, आणि पाणी मागता मागता तास संपल्याची घंटा होते. एवढाच तो विनोद. आणि प्रत्येक "प"नंतर हशाचा लोट. लोटाच्या अगदी पुढे, सगळ्यांच्या वर, स्वच्छ, खळखळून, सतरावं हसू.

गिऱ्हाइकानं मांडीवर थाप मारली. "दादा, हा तर तुमचाच सख्खा भाऊ." मग जिन्याकडे हनुवटी करून म्हणालं, "आणि हसतंय कोण बघा. तुमची बहीण."

दादाची कानस थांबली. जिन्यावर उभी असलेली हशाबाई धावत खाली आली, पण टीव्ही बंद करायला तिचा हात पोचायच्या आत टीव्हीतून ती स्वतःच आणखी दोनदा हसून गेली होती.

गिऱ्हाईक गेल्यावर ती दादाला समजावत राहिली. ते हसू तिचं असलं तरी ती हसली नव्हती. यंत्र त्या हसण्याचे तुकडे करतं, नवं जोडतं, वाटेल तिथं लावतं. ती तिथं नव्हती. ती वर बाह्या शिवत होती. दादानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. मग किल्ल्यांचे नंबर लिहायचा खडू घेतला आणि भिंतीवरच्या काळ्या पाटीवर लिहिलं, 'यंत्र तुझ्याकडूनच शिकलं?'

"हो, पण..."

दादानं खाली लिहिलं, 'मग तुझ्या आत ते असणारच.'

त्या दिवसापासून दादा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा हवा तर कप पुढे करी. गिऱ्हाइकांशी अडत अडत बोले, पण ती जिन्यावर दिसली की तोंड मिटून घेई. साठीला आलेल्या त्या माणसानं उभ्या जगात एकाच माणसासमोर न लाजता अडखळायचं ठरवलेलं होतं, आणि आता ते एक माणूसही गेलं होतं. हशाबाईला त्याचे ते तुटके शब्द ऐकायची इतकी सवय होती की घरातलं घड्याळ बंद पडावं तसं तिला झालं.

गोदामावर जाऊन काचा फोडाव्यात असं तिला पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या तोंडावर थुंकावं असं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं वही काढली. शिवणारी बाई होती ती. कात्री लावायच्या आधी माप घेणारी.

पुढले तेरा गुरुवार तिनं शेजारणीच्या घरी बसून कार्यक्रम पाहिला. मांडीवर वही, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. शेजारीण म्हणाली, "अगं, विनोदी आहे तो. परीक्षा असल्यासारखी काय बघतेस?" हशाबाई टिपत राहिली, यंत्र केव्हा हसतं आणि कोणतं हसू काढतं. सहाव्या गुरुवारपासून तिला दिसू लागलं. यंत्राला विनोद कळत नव्हता. अडखळे मास्तर लोकांनी सगळ्यात जास्त पाहिला, आणि जे जास्त पाहिलं जातं ते यंत्राला पुन्हा पुन्हा चारलं जातं, हे तिला मशीनबाईनंच एकदा चहाच्या वेळी सांगितलं होतं. आता यंत्राच्या लेखी जगातला सगळ्यात मोठा विनोद एकच होता. शब्द तुटला आणि मध्ये शांतता पडली की सतरावं हसू.

दहाव्या गुरुवारी खात्री पटली. एक म्हातारी नटी पाहुणी म्हणून आली होती. बोलता बोलता तिचा गळा दाटला. "मा... माझी आई..." एवढंच म्हणून ती थांबली, आणि यंत्र खळखळून हसलं. म्हातारी दचकून मागं बघू लागली. दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणात तेवढा भाग नव्हता. हशाबाईनं वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

मग एक दिवस मालकाचाच फोन आला.

"बाई, पाचशेवा भाग आहे. मोठ्या सभागृहात, लोकांसमोर, थेट. तुम्ही बारा मंडळी म्हणजे आमचा पाया. पुढच्या रांगेत बसा, फुलं देतो, फोटो काढतो."

"यंत्र चालू असेल?"

"अहो, तेच तर लोकांना दाखवायचंय."

"आणि भाषण?"

"मीच करणार."

"येतो आम्ही," हशाबाई म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की मालकाला मनातून बरं वाटलं असणार.

गणिताच्या बाईंच्या ओट्यावर बाराही जण जमले. हशाबाईनं वही उघडून समजावलं. पोस्टमन पोटावर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे कापायचं. नऊ वर्षं चूक करू नका म्हणून शिकवलंस, आणि आता चुकीचीच तालीम घेतेस?"

"हो. आणि नीट चुका."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "त्या माणसाला बोलताना अडवायचं. हे तू करणार? तूच?"

हशाबाईनं वही मिटली. "दादा अडतो तो खरं बोलताना. हा अडेल तो खोटं बोलताना. मला यात काहीच सारखं दिसत नाही."

बाईंना पटलं नव्हतं, पण त्या आल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती दुकानात उतरली. "दादा, माझ्याबरोबर चल. यंत्राला ऐक आणि मला बघ. मग पाटीवर काय लिहायचं ते लिही." दादानं बराच वेळ एक किल्ली घासली. मग हात पुसले आणि दुकानाला कुलूप लावलं.

सभागृह भरलं होतं. लाल खुर्च्या, छताला काळे भोंगे, आणि रंगमंचाच्या कडेला टेबलामागं संगणक घेऊन मशीनबाई. पहिल्या रांगेत बारा जण, त्यांच्या मांडीवर फुलांचे गुच्छ. हशाबाई डाव्या टोकाला, तिच्या शेजारी दादा. मालक नवा कोट घालून माईकपाशी आला.

"आज इथं कुणी माणूस बटणाला हात लावणार नाही," तो म्हणाला. "काहीही झालं तरी नाही. बाई, हात बघू." मशीनबाईनं दोन्ही हात वर करून दाखवले आणि मांडीवर घडी घालून ठेवले. "तुम्ही हसा, नका हसू. हे हसेल. याला दमणं नाही, रुसणं नाही, हसू आलं नाही म्हणणं नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाकडे बघितलं.

त्यानं दोन-तीन पाठ केलेले विनोद सांगितले. यंत्र वेळेवर हसलं, आणि यंत्र हसलं म्हणून लोक हसले. छतातून हशाबाईच्या डोक्यावर तिचंच हसू ओतलं जात होतं. दादा भोंग्यांकडे बघत नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

मग मालकानं आवाज जड केला. "हा प्रवास सोपा नव्हता. ज्यांच्या खांद्यावर मी..."

हशाबाईनं कापलं.

तिनं ते चाळिसावं हसू काढलं. ते नाकातून येतं, एका श्वासाचं असतं, टाचणीसारखं. मागच्या रांगेला ऐकूही जात नाही. ज्याच्यासाठी असतं त्याला मात्र बरोबर टोचतं. आणि आलं ते नेमकं अर्धा श्वास आधी, 'उभा आहे' हे शब्द जिभेवर यायच्या आत. मालकानं पापण्या मिटल्या, उघडल्या, वाक्य कसंबसं ओढून पुरं केलं. पुढच्या वाक्याला तिनं पुन्हा कापलं. तो पाणी प्यायला. त्याची नजर परत परत त्या टोकाकडे येऊ लागली, जिभेनं दुखरा दात चाचपत राहावा तशी.

"या समोर बसलेल्या मंडळींविषयी," तो म्हणाला, "माझ्या मनात कायमची..."

या वेळी बाराच्या बारा जणांनी कापलं. पोस्टमननं पोटातून, गणिताच्या बाईंनी एकदाच आणि नेमकं. आणि लागलीच हशाबाईनं कानाची पाळी धरली. पहिली रांग गप्प.

"कृ..." मालक म्हणाला.

शब्द येईना. त्या पसरलेल्या शांततेत तो तोंड उघडं ठेवून उभा.

छतातून सतरावं हसू कोसळलं.

"कृ... कृत..."

पुन्हा. या वेळी मागून पूर्ण लोट. सभागृहातल्या लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग, आणि तेही हसायला लागले. मालकानं टेबलाकडे वळून बघितलं. "ब... बं..." त्याला बंद करा म्हणायचं होतं. यंत्राला याहून मोठा विनोद कुणी कधी सांगितलाच नव्हता. मशीनबाई हातांची घडी घालून समोर बघत बसली होती. तिला सांगितलं होतं, काहीही झालं तरी नाही. तिच्या ओठांच्या कडा हलल्या की नाही, हे सांगता येणार नाही. "अडखळे मास्तर," कुणीतरी मागून ओरडलं, आणि सबंध सभागृहानं ते नाव उचललं.

हशाबाई ओठ घट्ट मिटून बसली होती. ती मोजत होती. एकूण सात वेळा यंत्र त्याच्यावर हसलं. तिनं आपल्या मनात दया शोधून पाहिली, सुया-दोऱ्याच्या डब्यात हरवलेलं बटण शोधावं तशी, सगळं उलथंपालथं करून. नव्हती. तिला ते गोड लागत होतं. आठव्यांदा व्हावं असं तिला वाटत असतानाच कुणीतरी पडदा ओढला.

ते बाहेर आले तेव्हा अजून ऊन होतं. बसथांब्यावर अकराही जण एकमेकांना कोपरानं ढोसत होते. पोस्टमन मालकाची नक्कल करणार होता, पण दादाकडे बघून त्यानं तोंड मिटलं. हशाबाई आणि दादा जरा बाजूला उभे राहिले. दादानं खिशातून एक किल्ली काढून अंगठ्यानं घासायला सुरुवात केली.

"ब-बिचारा," तो म्हणाला.

चार महिन्यांनी त्यानं तिच्याशी उच्चारलेला हा पहिला शब्द. हशाबाईच्या अंगाची लाही झाली. ज्याच्यासाठी एवढं केलं, त्यानंच पहिला शब्द वेचून त्या माणसाला द्यावा.

"बिचारा कसला," ती म्हणाली. "माझ्या तोंडून तुझ्यावर हसला तो."

दादानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. "त-तुझे ओठ बंद होते," तो म्हणाला. "पण आत ह-हसत होतीस."

खोटं बोलणं सोपं होतं. तिनं त्याच्या हातांकडे बघितलं.

"हसत होते. पोटभर. अजून हसतेय. त्याच्यावर. मला त्याचं काही वाटत नाही, दादा, आणि वाटेल असं वाटतही नाही. पण तुझ्यावर आत नाही की बाहेर नाही. एकदाही नाही. आता विश्वास ठेवायचा तर ठेव."

दादाचा अंगठा किल्लीवर थांबला. त्यानं तोंड उघडलं.

"म..."

शब्द दाराशी आला आणि उभा राहिला. तेवढ्यात बस आली. पोस्टमन पायरीवर चढून ओरडला, "चला चला, ही गेली तर पुढची तासाभरानं." हशाबाईनं त्याच्याकडे न बघता कानाची पाळी धरली. पोस्टमन गप्प झाला, आतले सगळे गप्प झाले. चालकानं एकदा भोंगा वाजवला, वाट बघितली, आणि बस निघून गेली.

ती दादाच्या हातांकडे बघत उभी होती.